बटणामागचं भांडण

व्हॉट्सअ‍ॅप सगळे वापरतात, पण त्याचं सेटिंगचं पान सलग बसून कुणी वाचत नाही. वाचायला हवं. इतकं खरं कौटुंबिक लेखन अलीकडे दुसरीकडे कुठे झालेलं नाही. मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं, मी शेवटचा कधी आलो होतो हे कुणाला दिसावं, मी वाचलं हे कुणाला कळावं. एकेक ओळ म्हणजे कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी घरात झालेल्या भांडणाचा निकाल आहे. आधी कुणीतरी रुसतं. मग कुणीतरी बोलतं. मग ज्याचा काही संबंध नाही तो मध्ये पडतो. हे लाखो घरांत होऊन गेलं की कंपनी एक बटण काढून देते. आपल्याकडे निवाडा झाला की पंच पानसुपारी खाऊन उठायचे. तिकडे अपडेट येतं.

हे मी नंदुरबारात बसून म्हणतोय, म्हणून त्याला थोडं वजन आहे. १ जुलै १९९८ रोजी आमचा जिल्हा धुळ्यातून वेगळा निघाला. सहा तालुके, २०११ च्या जनगणनेत जवळजवळ साडेसोळा लाख माणसं, आणि भाषा विचाराल तर भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी, गुजराती आणि मराठी. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत; तिथल्या एका बाकाच्या मधून राज्याची हद्द जाते. अशा जिल्ह्यात कुठलाही ग्रुप उघडा, पहिला प्रश्न पडतो तो भांडायचं कोणत्या भाषेत. सुरुवात सहसा अहिराणीत होते. नवापूरकर मध्ये पडले की गुजराती येते. प्रकरण फारच गंभीर झालं की सगळे हिंदीत शिरतात. मराठी आम्ही श्रद्धांजली आणि सरकारी सूचना यांच्यासाठी राखून ठेवली आहे.

ग्रुपांना तोटा नाही. कॉलनीचा आहे, भावकीचा आहे, दहावीच्या बॅचचा आहे, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा आहे आणि सकाळी फिरायला जायचं ठरवणाऱ्यांचा वेगळा आहे. या सगळ्यांत शिस्तीचा ग्रुप एकच, मिरचीचा. पावसाळा सरून ओल्या मिरचीची आवक सुरू झाली की त्यावर भाव येतात, गाड्यांची वेळ येते, बस्स. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची सुकायला पसरलेली असते, जमीन लालभडक दिसते, आणि आकाशात एक ढग आला की ग्रुपवर शंभर हवामानखाती उघडतात. पण तिथं रुसवाफुगवा नाही. अवकाळी पाऊस रुसायला वेळ देत नाही. ज्या ग्रुपला काम आहे त्याला सेटिंग लागत नाही, हा माझा पहिला सिद्धांत. हे सगळं शास्त्र उभं राहिलंय ते उरलेल्या ग्रुपांसाठी.

आता संख्येपासून सुरू करू. ग्रुपमध्ये आधी १०० माणसं मावायची. फेब्रुवारी २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये ५१२ आणि त्याच वर्षाच्या अखेरीला १,०२४. २५६ ची बातमी देताना लंडनच्या 'इंडिपेंडंट'नं लिहिलं, की असला विचित्र आकडा का धरला ते काही कळत नाही. त्यावर जगभरच्या संगणकवाल्यांनी त्या दैनिकाला धारेवर धरलं. दोनाचा आठवा घात २५६; संगणकाच्या हिशेबी याहून सरळ आकडा नाही. दैनिकाची बाजू घेणारे पृथ्वीवर एकटे आमच्या भावकीतले अप्पा निघाले. त्यांचं म्हणणं, २५१ ठेवायला काय झालं होतं? ५१, १०१, २५१ हे पाकिटावर शोभणारे आकडे. मग वरचे पाच कोण, तेवढं सांगा. प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. वरच्या पाचांत आपलं नाव धरलं गेलंय असं भावकीतल्या निदान वीस जणांना वाटलं.

रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञानं १९९२ मध्ये माकडांचे मेंदू आणि त्यांचे कळप यांचा मेळ घालून हिशेब मांडला. त्यातून निघालं, की एका माणसाला साधारण १५० जणांशीच खरे संबंध राखता येतात. डनबारसाहेबांनी शहाद्याकडचं लग्न पाहिलेलं नसावं. तिथं १५० माणसं तर आपल्याला नीट बोलावलं नव्हतं एवढं सांगायलाच येतात. तरी साहेबांचा हिशेब अगदीच चुकला असं म्हणवत नाही. हजाराच्या ग्रुपात बोलणारे पंधराच असतात. बाकीचे मुकाट वाचतात आणि रात्री शेवभाजीवर त्याचा निकाल लावतात.

मग ग्रुपमध्ये घेण्याचा प्रश्न. पूर्वी कुणीही कुणालाही न विचारता आत ओढत असे. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की तीन पॅनलचे तीन ग्रुप व्हायचे आणि गावातला एकच सज्जन माणूस तिन्हींत असायचा. तिन्हीकडे त्याला 'आपला माणूस' म्हणायचे. तो बिचारा तिन्हीकडे हात जोडलेलं चित्र टाकायचा, कारण त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. एप्रिल २०१९ मध्ये, मला कोण घेऊ शकतं हे ठरवण्याचं बटण आलं. पण ते दाबायची छाती कुणाची? दाबलं की घेणाऱ्याला कळतं, या माणसाला सरळ घेता येत नाही, आमंत्रण पाठवावं लागेल. आणि मग फोन येतो. "काय जिभाऊ, आता आम्ही परके झालो?" त्या बटणानं माणूस ग्रुपच्या त्रासातून सुटतो आणि फोनच्या त्रासात सापडतो.

आत आलेल्याची ओळख पटवणं हे आणखी वेगळं प्रकरण. ओळख या विषयात अख्ख्या देशाच्या आधी आमचा नंबर लागलेला आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी इथवर आले होते. बारा आकड्यांत माणूस सिद्ध. तरी आमच्या ग्रुपात नवा नंबर दिसला की विचारणा होते, "आपण कोण?" त्यानं नाव सांगितलं तर भागत नाही. "कोणाचा?" मग वडिलांचं नाव. "कोणत्या गल्लीतले ते?" मग गल्ली. शेवटी मामाचं गाव निघतं, मामा प्रकाशा गावचा ठरतो, आणि कुणीतरी लिहितं, "मग असं सांगा ना आधी!" इथं पडताळणी पूर्ण होते. डोळ्याचं बुबुळ, दहा बोटांचे ठसे हे सगळं मामाच्या पुढे फिकं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या. वाचूनही उत्तर न देणं हा गुन्हा जगात फार जुना; तोवर फक्त पुरावा मिळत नव्हता. कंपनीनं तो पुरावा घरोघर वाटला आणि असा हलकल्लोळ झाला की लवकरच तो दडवायचं बटणही द्यावं लागलं. आमच्या जिल्ह्याला मात्र या बटणाची फारशी गरज पडली नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा या सातपुड्यातल्या तालुक्यांत कित्येक पाड्यांना आजही रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. रेशनच्या मशीनवर अंगठा ओळखला जायचा तर नेटवर्क हवं, म्हणून मशीन उचलून उंचावर न्यायची वेळ तिथल्या लोकांवर आलेली आहे. त्यांची ही खरी अडचण आम्ही शहरातल्यांनी निमूटपणे आपली सोय करून घेतली. कॉलनीच्या देखभाल वर्गणीची आठवण पडली, की कळवायचं, "मोलगीकडे होतो, रेंज नव्हती." डोंगरातल्या मोलगी गावच्या आठवडे बाजाराला जितकी गर्दी होत नसेल, तितके नंदुरबारकर दर महिन्याच्या पाच तारखेला मोलगीत असतात.

आता मानाचं पद, अ‍ॅडमिन. हे पद का लागतं ते अमेरिकेतल्या लोकांना फार लवकर समजलं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात 'कम्युनिट्री' नावाची एक मंडळी जमली. टेलिफोनच्या तारेनं संगणक जोडायचा आणि मुक्त चर्चा करायची. कुणी कुणाला अडवायचं नाही, काढायचं नाही. थोर माणसं थोर विषयांवर थोडे दिवस बोलली. मग शाळाशाळांतून संगणक आले, पोरांना त्या नंबरचा पत्ता लागला, आणि त्यांनी चावट मजकूर ओतून ओतून सगळी जागा भरून टाकली. काढून टाकायची सोय ठेवलेलीच नव्हती. काही वर्षांत कारभार बंद. आमच्याकडे सोय ठेवतात, पण निराळ्या कारणासाठी. कॉलनीच्या ग्रुपात अध्यक्ष अ‍ॅडमिन, सचिव अ‍ॅडमिन, खजिनदार अ‍ॅडमिन. माजी अध्यक्षांचं काढायचं कुणी, म्हणून तेही अ‍ॅडमिन. ज्यांना अध्यक्ष व्हायचं होतं आणि जमलं नाही, त्यांची समजूत काढायला तेही. आता ग्रुपमध्ये साधा सदस्य शोधावा लागतो. २०१८ मध्ये 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' हे बटण आलं तेव्हा अध्यक्षांनी ते मोठ्या अपेक्षेनं दाबलं. काहीही फरक पडला नाही.

या पदाला मध्यंतरी वाईट दिवस आले होते. सण आणि निवडणुका जवळ आल्या की ठिकठिकाणी पोलिसांचा इशारा निघायचा, आक्षेपार्ह मजकूर आला तर अ‍ॅडमिनवर कारवाई. रातोरात अ‍ॅडमिनपदं मोकळी व्हायची. त्याग आणि निवृत्ती यांच्यावर मोठमोठे संदेश यायचे. मग २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निकाल दिला. सदस्यानं टाकलेल्या मजकुरात अ‍ॅडमिनचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल, तर त्याला दोषी धरता येणार नाही. अ‍ॅडमिनच्या हाती मुळात सदस्य घेणं आणि काढणं एवढंच असतं, असं न्यायालय म्हणालं. जबाबदारी टळली म्हणून अध्यक्षांनी पेढे वाटायला हवे होते. पण दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. आपल्या हाती एवढंच आहे, हे उच्च न्यायालयानं लिहून द्यायला नको होतं.

एका बटणाची गोष्ट मात्र हसत सांगण्यासारखी नाही. आमच्या शेजारी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होते. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. देशात इतरत्रही असंच घडत होतं. त्याच महिन्यात पुढे ढकललेल्या निरोपावर तसा शिक्का दिसू लागला, आणि भारतात एका वेळी पाचांपलीकडे निरोप ढकलता येणार नाही असं कंपनीनं ठरवलं. पुढच्या वर्षी तीच मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली. आज ब्राझीलमधला कुणी सहाव्या माणसाकडे निरोप ढकलायला जातो आणि त्याला नकार मिळतो, तेव्हा त्यामागे खानदेशातला हा बाजारही असतो. त्याला ते ठाऊक नसतं. आम्हाला ठाऊक आहे, आणि तरी 'सर्वांना पाठवा' असं लिहिलेला निरोप आम्ही पाच-पाचच्या हप्त्यांत पाठवतो.

२०१७ मध्ये 'सर्वांसाठी हटवा' आलं. सुरुवातीला विचार करायला सात मिनिटं मिळायची. २०२२ पासून दोन दिवसांहून जास्त मिळतात. बटण करणाऱ्यांची अशी समजूत असावी, की हटवलं म्हणजे प्रकरण मिटलं. प्रत्यक्षात मागे एक ओळ उरते, की हा संदेश हटवला आहे, आणि सबंध ग्रुपात तेवढी एकच ओळ सगळे लक्ष देऊन वाचतात. माझ्या एका वहिनींनी जावेच्या डुबुकवड्यांबद्दलचं मत बहिणीऐवजी भावकीच्या ग्रुपवर टाकलं आणि क्षणात हटवलं. मूळ मजकूर दोघांनीच वाचला होता. हटवल्यावर त्याच्या अकरा आवृत्त्या निघाल्या आणि सगळ्या मुळापेक्षा सरस होत्या.

आणि ग्रुप सोडणं! या बाबतीत कंपनीचा अभ्यास फारच कच्चा. पूर्वी कुणी ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसायचं. २०२२ मध्ये त्यांनी गाजावाजा करून सांगितलं, की आता गुपचूप जाता येईल, फक्त अ‍ॅडमिनला कळेल. पण गुपचूप जायचं तर जायचं कशाला? आमच्याकडे माणूस ग्रुप सोडतो तो परत बोलावलं जावं म्हणून. तीन फोन, एक शिष्टमंडळ आणि थोरल्या आक्कांची मध्यस्थी एवढा त्या सोडण्याचा अर्थ असतो. आमच्या एका काकांनी नव्या पद्धतीनं ग्रुप सोडला. अ‍ॅडमिन त्या दिवशी खरोखरच मोलगीला होते. काका घरी फोन उशाशी घेऊन बसले. चौथ्या दिवशी स्वतःच चौकात आले आणि भेटेल त्याला सांगू लागले, "माले कोनी इचारं बी नही!"

यातली गंमत अशी, की हे सॉफ्टवेअर ज्या पायावर उभं आहे त्याचं तत्त्व नेमकं उलटं आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर एर्लांग या भाषेत चालतात. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार झाली. तिचा मंत्र असा: एखादा भाग कोसळतोय तर कोसळू द्या, शेजारच्याला त्याची झळ लागू देऊ नका, आणि पडलेल्याला ताबडतोब नव्यानं उभं करा. याच बळावर, २०१४ मध्ये फेसबुकनं १९ अब्ज डॉलरचा सौदा केला तेव्हा, अवघ्या पन्नासेक माणसांची ही कंपनी ४५ कोटी लोकांचे निरोप वाहत होती. आमच्या भावकीत एक काका कोसळले की पाच घरांचं जेवण आळणी होतं, आणि नव्यानं उभं करायला दिवाळी उजाडते.

त्या सर्व्हरांवरून आम्ही काय पाठवतो? जानेवारी २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं बातमी दिली, की भारतातले फोन वरचेवर भरून बंद का पडतात याचा गुगलच्या लोकांनी शोध घेतला. उत्तर निघालं गुड मॉर्निंग. सूर्योदय, गुलाब, चहाचा कप, दवबिंदू आणि खाली सुविचार. अशी चित्रं शोधून काढून टाकणारी सोय त्यांना फोनमध्ये बसवावी लागली. आमच्या गुरुजींना ही बातमी कुणीतरी वाचून दाखवली. त्यांनी ती सूर्योदयाच्या चित्रावर छापून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सगळ्यांना पाठवली.

सगळ्यांना सगळीकडे हजर राहता यावं, ही एक अडचण मात्र सातपुड्यानं कसल्याही बटणाशिवाय केव्हाच सोडवली आहे. तिथल्या होळ्या सगळ्या एकाच रात्री पेटत नाहीत. काठी गावाची राजवाडी होळी एका दिवशी, दुसऱ्या गावाची दुसऱ्या दिवशी. घुंगरं बांधलेले बुध्या आणि बावा, ढोलवाले, पाहुणे आज या गावाला नाचतात आणि उद्या त्या गावाला. त्याआधीच्या भोंगऱ्या बाजारात सगळ्यांच्या गाठीभेटी होतात, कोण कुठे जाणार ते ठरतं आणि तसे सगळे येतात. कुणी कुणाला आठवण करून देत नाही, 'कृपया वेळेवर उपस्थित राहावे' असं तीनदा लिहीत नाही.

हाच प्रश्न आमच्या दहावीच्या बॅचपुढे आला, स्नेहमेळाव्याला तोरणमाळ की प्रकाशा. नोव्हेंबर २०२२ पासून ग्रुपवर मतदानाची सोय आहे, तेव्हा अ‍ॅडमिननं मतदान लावलं. पहिला दिवस कुणी बोट लावलं नाही. कोणी कुठे मत दिलं हे त्यात नावानिशी दिसतं, आणि तोरणमाळ सुचवणारे हल्लीचे सावकार, तर प्रकाशा सुचवणारे हल्लीचे डॉक्टर. दोघांचीही गरज कधी पडेल सांगता येत नाही. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की एकाहून जास्त उत्तरं चालतील हे बटण तिथं आधीपासूनच चालू असतं. ते ज्यानं ठेवलं तो मूळचा खानदेशातलाच असणार. तासाभरात निकाल लागला: तोरणमाळ ४१, प्रकाशा ४१. दोन्ही प्रस्ताव एकमतानं मंजूर झाल्याबद्दल सावकारांनी आणि डॉक्टरांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. त्याच रात्री 'तोरणमाळ सहल (फायनल)' आणि 'प्रकाशा सहल (अंतिम)' असे दोन नवे ग्रुप निघाले. सहल अजून कुठेच गेलेली नाही. सदस्य दोन्हीकडे तेच आहेत, फक्त गुरुजींचा सूर्य आता आमच्याकडे तीनदा उगवतो.